इंग्रजीच्या तासाला भेटलेलं जग : ठाणे-नवी मुंबईकरांचा अनुभव धागा

धागाकर्ती, नौपाडा

मी ठाण्यात अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवते. बारावीचं राज्य मंडळाचं इंग्रजीचं पुस्तक 'युवकभारती' उघडलं की एकाच वर्षात वॉल्ट व्हिटमन, व्हर्जिनिया वुल्फ, ओ. हेन्री, ज्यूल व्हर्न आणि आपले दिलीप चित्रे भेटतात. सीबीएसईच्या दहावीला मेक्सिकोचा शेतकरी, ॲन फ्रँक आणि चेकॉव्ह असतात, आयसीएसईवाल्यांकडे शेक्सपिअरचं अख्खं नाटक. पंधरा-सोळाच्या वयात एवढं जग हातात येतं आणि बहुतेक वर्गांत ते 'फिगर ऑफ स्पीच' म्हणजे अलंकार शोधण्यात आणि तयार ॲप्रिसिएशन म्हणजे रसग्रहण पाठ करण्यात संपून जातं. याचं मला मनापासून वाईट वाटतं. तरीही दरवर्षी कुणाच्या तरी मनात एखादा धडा घर करतो. तुमच्या मनात कोणता राहिला, आणि घरी, शेजारी, लोकलमध्ये त्याचं पुढे काय झालं, ते लिहा. शाळेचं नाव नको. निबंध नको, आठवेल तसं लिहा.

सुरुवात मीच करते. चित्र्यांची 'फादर रिटर्निंग होम'. उशिराच्या लोकलमध्ये पिवळ्या उजेडात गप्प माणसांत उभा असलेला बाप, भिजलेला शर्ट, चिखलाचे डाग पडलेला काळा रेनकोट, पुस्तकांनी फाटायला आलेली पिशवी. घरी पांचट चहा, शिळी पोळी, आणि मुलं त्याच्याशी बोलत नाहीत. तुकाराम इंग्रजीत नेणाऱ्या कवीची ही मुळात इंग्रजीतच लिहिलेली कविता. माझ्या वर्गातली निम्मी मुलं दिवा, कळवा, मुंब्र्याहून येतात. मी कवितेचा अर्थ सांगायच्या आधी विचारलं, तुमच्याकडे बाबा आल्यावर घरात काय होतं? मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, आम्ही टीव्हीचा आवाज कमी करतो. बाबांनी कधी सांगितलेलं नाही, पण करतो." त्यावर एक मुलगी जरा चिडूनच उठली. "आमच्याकडे आई उशिरा येते. उभ्याने येते आणि आल्यावर कुकर लावते. तिच्यावर कविता का नाही?" घंटा झाली तरी भांडण चालू होतं. कवितेतल्या बापाला घरात कुणी ओळखत नाही आणि कुकर लावणाऱ्या आईला सगळे ओळखतात, मग जास्त एकटं कोण, असं ते भांडण होतं. कुठल्याही गाइडमध्ये हा प्रश्न मला सापडलेला नाही.

पोस्टमनची मुलगी, ऐरोली

दहावी, सीबीएसई, 'अ लेटर टू गॉड'. लेंचोच्या मक्याच्या शेतावर आधी छान पाऊस येतो, त्याला ते थेंब म्हणजे नवी नाणी वाटतात, आणि मग गारपीट सगळं पीक झोपवते. तो देवाला पत्र लिहून शंभर पेसो मागतो. पोस्टमास्तर आधी हसतो, मग त्या माणसाची श्रद्धा मोडू नये म्हणून स्वतःच्या पगारातले पैसे घालतो, सहकाऱ्यांकडून गोळा करतो. सत्तरच जमतात. लेंचो दुसरं पत्र लिहितो : उरलेले पाठव, पण पोस्टाने नको, इथले कर्मचारी चोर आहेत.

सगळा वर्ग हसला. मला हसू येईना, कारण माझे बाबा पोस्टात. बाईंनी हे 'आयरनी'चं उदाहरण म्हणून लिहून घ्यायला सांगितलं, मी लिहून घेतलं. रात्री बाबांना गोष्ट सांगितली. मला वाटलं, त्यांना राग येईल. ते जेवता जेवता म्हणाले, "पाकिटात रोख घातली ना त्यांनी? मनीऑर्डर केली असती तर सत्तरचा कागद त्याच्या हातात गेला असता. त्या लेंचोला हिशेब कोणी दिलाच नाही." मग त्यांनी सांगितलं की पत्ता न लागणारी पत्रं आपल्याकडे रिटर्न्ड लेटर ऑफिसला जातात, तिथे ती उघडायचा अधिकार ठरावीक माणसांनाच असतो. ज्याला पत्ता नाही असं पत्र उघडणारा माणूस ही कल्पनाच त्यांना फार आवडली होती. पोस्टमास्तरने काय करायला हवं होतं, यावर आमच्या घरी बरेच दिवस बोलणं होत होतं. आजी लेंचोच्या बाजूची. तिचं माहेर मुरबाडकडचं, भात आडवं झालेलं तिने पाहिलंय. ती म्हणायची, ज्याचं पीक गेलं त्याने कुणाला काहीही बोलावं.

चेंदणीकर

आमच्या वेळी बारावीला 'द इंचकेप रॉक' होती. एक मठाधिपती पाण्याखालच्या खडकावर घंटा बांधतो, वादळात ती वाजली की खलाशांना खडक कळतो. राल्फ नावाचा समुद्री चाचा केवळ जळफळाटाने ती घंटा तोडून टाकतो आणि पुढे लुटीचा माल घेऊन परतताना धुक्यात त्याच खडकावर आपटून बुडतो. सरांनी सांगितलं की हा खडक खरा आहे, स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यापासून आत समुद्रात, भरतीला पूर्ण बुडणारा, आणि रॉबर्ट स्टीव्हन्सनने तिथे बांधलेला दीपस्तंभ १८११ पासून उजेड देतोय.

मी कोळीवाड्यातला. आज्याला गोष्ट सांगितली, तर त्याचा पहिला प्रश्न : "घंटा बांधली कशावर?" मी पुस्तक उघडून बघितलं. कवितेत स्पष्ट आहे, बोयावर, म्हणजे खडकापाशी पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेवर. आज्याची मान हलली. "मग बरोबर. बोया लाटंबरोबर हलल, घंटा वाजल." ती ओळ वर्गात आम्ही कुणीच नीट वाचली नव्हती.

हे सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी मला पु. लं.चं 'एका कोळियाने' आणून दिलं, हेमिंग्वेच्या 'द ओल्ड मॅन अँड द सी'चा अनुवाद. मी ते आज्याला रोज थोडं वाचून दाखवायचो. चौऱ्याऐंशी दिवस मासा न मिळालेला म्हातारा, शेवटी गळाला लागलेला होडीपेक्षा लांब मासा, आणि परतताना त्याचे लचके तोडणारे शार्क. आज्याला शार्कांचं काही वाटलं नाही, समुद्रात ते व्हायचंच. त्याला खटकलं ते वेगळंच. "त्या पोराला दुसऱ्याच्या होडीवर का धाडला? बापानं त्याला म्हाताऱ्याकडून काढून घेतला, तितंच म्हातारा मेला." नंतर कॉलेजात या पुस्तकावर बरंच वाचलं, पण त्या मुलाच्या नसण्याकडे इतकं सरळ बोट ठेवणारं फार कमी सापडलं.

कळव्याचा

एक वेगळी बाजू मांडतो. गाइडला नावं ठेवू नका. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात. अकरावीत वर्गात मॅडम सलग इंग्रजीत बोलायच्या आणि मी फक्त पानाकडे बघत बसायचो. माझ्या गाइडमध्ये प्रत्येक धड्याचा मराठीत सारांश होता, त्याच्या जोरावर मी 'ऑन सेइंग प्लीज' समजून घेतला. लिफ्टमन 'प्लीज' न म्हणणाऱ्या माणसाला बाहेर ढकलतो; कायद्याने तो दोषी, पण उद्धटपणाला कायद्यात शिक्षा नाही. पुढे त्यात एक बस कंडक्टर येतो, पाय तुडवला गेला तरी प्रेमाने बोलणारा. मी रोज टीएमटीने जायचो, तेव्हापासून कंडक्टरांकडे बघायला लागलो. ज्यांच्या घरी कुणी इंग्रजी वाचणारं नाही त्यांच्यासाठी ते गाइड हाच दरवाजा असतो.

धागाकर्ती

कळव्याचा, तुमचं म्हणणं मी पूर्ण मानते. मराठीतून समजावून घेण्यात कमीपणा काहीच नाही, वर्गातही ते मोकळेपणाने व्हायला हवं. माझा विरोध आहे तो तयार उत्तरांना, ज्यांत 'मला ही कविता आवडली कारण' हे वाक्यसुद्धा दुसऱ्याने लिहिलेलं असतं.

रेल्वेप्रेमी, कोपरी

बारावीलाच कादंबरीच्या भागात ज्यूल व्हर्नची 'अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज'. आमच्या सरांनी मूळ कादंबरीचं दहावं प्रकरण झेरॉक्स करून आणलं. कादंबरीचा नायक फॉग मुंबईला उतरतो तेव्हा व्हर्न रेल्वेचा मार्ग सांगतो : मुंबई सोडून साष्टीतून, ठाण्यासमोर खाडी ओलांडून मुख्य भूमीवर, मग सह्याद्री. आपलं ठाणं १८७३ सालच्या फ्रेंच पुस्तकात! मुंबई-ठाणे पहिली गाडी धावली १६ एप्रिल १८५३ ला, म्हणजे वीस वर्षांत ती तिकडच्या कादंबरीत पोचली होती. वर्गात कळव्याहून येणारी मुलं होती, रोज तीच खाडी रेल्वेने ओलांडणारी, ती बाकावर उभी राहायचीच बाकी होती. पुढे रूळ संपतात आणि फॉग दोन हजार पौंडांना हत्ती विकत घेतो, तेव्हा सरांनी विचारलं, या प्रवासात भारतातली किती माणसं तोंड उघडून बोलतात? शोधा. आम्ही शोधलं. फार थोडी. व्हर्न भारतात कधी आलाच नव्हता हे सरांनी त्यानंतर सांगितलं. कादंबरीची मजा त्याने कमी झाली नाही, पण वाचताना आपण कुठे उभे आहोत हे बघायची सवय लागली.

इंग्रजी शिक्षक, वाशी

सीबीएसईच्या बारावीच्या पुस्तकाचं नाव 'फ्लेमिंगो', आणि हिवाळ्यात आमच्या खाडीत खरे फ्लेमिंगो. पहिल्या दिवशी मुलं यावरच बोलतात, बोलू द्यावं.

पहिला धडा अल्फॉन्स दोदेचा 'द लास्ट लेसन'. १८७०-७१ च्या युद्धात फ्रान्स हरला, आल्सास आणि लोरेन हे सीमेवरचे प्रांत प्रशियाकडे (जर्मनांकडे) गेले, बर्लिनहून हुकूम आला की शाळांत आता फक्त जर्मन. हॅमेल मास्तरांचा शेवटचा फ्रेंचचा तास, मागच्या बाकांवर गावातली म्हातारी माणसं, त्यांतला हाउझर फाटकं अंकलिपीचं पुस्तक घेऊन. मी स्वतः मराठी शाळेत शिकलो आणि आसपासच्या मराठी शाळांचे पट घसरताना बघतोय, त्यामुळे शिकवताना माझा आवाज बदलतो हे मुलांना कळतं.

पण इथे थांबणं मला पटत नाही. आल्सासमधली बहुतेक माणसं घरी जर्मन वळणाची बोलीच बोलत होती. गोष्ट सांगणाऱ्या फ्रान्झ या मुलाच्या घरीही कदाचित तीच असेल. म्हणजे हॅमेल मास्तरांची फ्रेंच हीसुद्धा शाळेचीच भाषा. हे सांगितलं की वर्ग दोन मिनिटं गोंधळतो आणि मग खरं बोलणं सुरू होतं. एक मुलगा म्हणाला, "सर, आम्ही घरी आगरी बोलतो. शाळेत ती बोललो की पहिलीपासून मराठीच्याच बाईंनी टोकलंय." दुसरी म्हणाली, माझी घरची तुळू, मी कुठल्या बाकावर बसू? दोदेने देशप्रेमाची गोष्ट लिहिली आणि ती सुंदर आहे. पण नवी मुंबईच्या वर्गात चार-पाच घरभाषा असताना ती केवळ 'मातृभाषेवर प्रेम करा' म्हणून शिकवली, तर आगरी बोलणाऱ्या मुलावर अन्याय होतो.

कोपरखैरणे

थोडक्यात. लॉकडाऊनमध्ये वन रूम किचनमध्ये पाच माणसं, मोबाइलवर ॲन फ्रँकचा, म्हणजे नाझींपासून लपून राहिलेल्या ज्यू मुलीच्या डायरीचा, धडा. कुणीतरी म्हणालं, आपलंही तसंच चाललंय. मॅडमनी तिथेच थांबवलं. "आपण आजारापासून घरात आहोत. तिला माणसं शोधत होती." १९४४ च्या ऑगस्टमध्ये ती पकडली गेली हे त्यांनी तेव्हा सांगितलं. त्या एका वाक्यासाठी मी त्यांची कायम ऋणी आहे.

आयबीवाला, उलवे

आमचं घर मूळचं इथलंच, विमानतळ आणि टॉवर यायच्या आधीचं. जमिनीच्या पैशांतून बाबांनी मला आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) अभ्यासक्रमाच्या महागड्या शाळेत घातलं. तिथे चिनुआ अचेबेची 'थिंग्ज फॉल अपार्ट' (१९५८) होती. वर्गातल्या बाकीच्यांसाठी तो नायजेरिया होता. मला पहिल्या पन्नास पानांत आमचं गाव दिसलं : कुणाचं कोठार किती भरलंय यावरून ठरणारी पत, पंचांसमोर होणारे निवाडे, पाहुण्याला आधी काय द्यायचं याचे नियम. नायक ओकोंक्वो मला आवडला नाही, तो बायकांना मारतो, आणि आवडावा असा अचेबेचाही हट्ट नाही.

शेवटच्या पानावर इंग्रज अधिकारी ठरवतो की या माणसाच्या मरणावर आपल्या पुस्तकात एक परिच्छेद बरा होईल. अख्खी कादंबरी ज्याच्यावर, त्याला एक परिच्छेद. ते वाचून मी आजोबांकडे गेलो. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेल्या शेतकरी आंदोलनात ते होते, गोळीबार झाला तेव्हाही. त्यांच्याबद्दल घरात बोललं जायचं ते एवढंच की 'आजोबा आंदोलनात होते'. मी मोबाइल रेकॉर्डिंगवर ठेवून विचारत गेलो. कोणत्या शेताचं नाव काय होतं, मिठागरात कोण कामाला जायचं, त्या दिवशी कोण शेजारी उभं होतं. ते शेतांची नावं सांगत होते तेव्हा आजी मधूनच दुरुस्त करत होती आणि दोघं भांडत होते. शाळेचा ओरल, म्हणजे तोंडी परीक्षा, त्यावरच केला. परीक्षकांना अचेबे माहीत होता, आमच्या शेतांची नावं मी सांगितली.

पालक, घोडबंदर रोड

वाचून राहवलं नाही. मुलगी यंदा अकरावीत, मला इंग्रजी जेमतेम. तिच्याबरोबर वाचायला मराठीत काय मिळेल?

धागाकर्ती

ताई, 'एका कोळियाने'पासूनच सुरुवात करा, छोटं आहे. ॲन फ्रँकची डायरी मराठीत मिळते. ज्यूल व्हर्न हवा असेल तर भा. रा. भागवतांचे अनुवाद शोधा. शेक्सपिअर असेल तर 'नटसम्राट' आधी वाचा, 'किंग लिअर' मग. देवलांचा 'झुंझारराव' (१८९०) म्हणजे 'ऑथेल्लो', तोही मिळाला तर सोडू नका. स्टेशनजवळच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात चौकशी करा, १८९३ पासूनचं आहे ते, तिथली मंडळी हौसेने शोधून देतात. आणि मुलीला धड्याचा अर्थ विचारू नका, गोष्ट सांगायला सांगा.