मदत हवी आहे: धरणाच्या पाण्यात कयाक, वाऱ्याचा अंदाज कसा घ्यायचा?

नमस्कार मंडळी,

दोघांना बसता येईल अशी, हवा भरून फुगवायची कयाक घेतली आहे. धरणाच्या फुगवट्यात दोनदा नेली. पहिल्यांदा मजा आली, दुसऱ्यांदा फजिती.

सकाळी उशिरा निघालो. वारा पाठीमागून, त्यामुळे फारसं न वल्हवताच कयाक पळत होती आणि आम्ही स्वतःवरच खूश! दुपारी परत वळलो तर नाक सरळ राहीना. दोन हात मारले की कयाक गर्रकन आडवी. जाताना पाऊण तास लागला होता, येताना अडीच. शेवटी दमून मध्येच काठाला लावली आणि उतरलो, तर पाय गुडघ्यापर्यंत गाळात. एक चप्पल अजून तिथेच आहे.

आता दहा वर्षांच्या मुलीला न्यायचंय. अ‍ॅपवर वारा किती दिसला की बेत रद्द करायचा? लाइफ जॅकेटवर ५० न्यूटन (तरंगवून धरण्याची ताकद) लिहिलंय, तिला चालेल का? आणि डब्यात प्लास्टिकचा एक पंख निघाला होता, तो आम्ही लावलाच नव्हता. त्याने फरक पडतो?

प्रतिसाद १
पडतो म्हणजे काय, तुमची निम्मी फजिती तो न लावल्यानेच झाली! त्याला स्केग म्हणतात. त्याच्याशिवाय फुगवलेली कयाक पाण्यावर पानासारखी फिरते.

जाताना वाऱ्याच्या तोंडावर जा, म्हणजे दमल्यावर तोच घरी ढकलतो. ताशी २० किमीच्या पुढे लाटांवर जागोजागी पांढरा फेस दिसतो. मुलगी सोबत असेल तर मी १२-१५ लाच थांबेन. झोताचा, म्हणजे मध्येच येणाऱ्या जोरदार वाऱ्याचा, आकडा अ‍ॅपवर वेगळा असतो, तोही बघा. वारा बहुधा दुपारी वाढतो, तेव्हा उजाडताच निघून दहाच्या आत काठावर.

५० न्यूटनचं जॅकेट पोहता येणाऱ्यांसाठी, तेही मदत जवळ असेल तर. बेशुद्ध माणसाला ते उताणं करत नाही. मुलीला १०० चं, मानेमागे कॉलर आणि पायांमधून पट्टा असलेलं घ्या. घालून खांद्यांना धरून वर ओढा. हनुवटीच्या वर सरकलं तर मोठं होतंय.

प्रतिसाद २
भिंत आणि सांडवा यांच्या आसपासही फिरकू नका. विसर्ग चालू असला तरी वरून पाणी शांत दिसतं. पातळी उतरली की बुडालेल्या झाडांचे खुंट पाण्याच्या जेमतेम खाली असतात, ते कयाक फाडतात.

धागाकर्ता
धन्यवाद! स्केग पिशवीत सगळ्यात वर ठेवलाय. जॅकेट मात्र बदलणार. आत्ताच मुलीला घालून ओढून पाहिलं, थेट कानापर्यंत आलं.