मदत हवी आहे: डिशवॉशर पाणी गरमच करत नाहीये

डिशवॉशर ६ वर्षं जुना आहे, वॉरंटी संपलीय. गेल्या आठवड्यापासून ७० डिग्रीच्या प्रोग्रामवर पण भांडी थंडगार निघतायत, कढईचा तेलकटपणा तसाच आणि टॅबलेट अर्धीच विरघळलेली. पाणी भरतंय, स्प्रे आर्म फिरतायत, ड्रेन पण होतंय, एरर कोड काहीच नाही.

फिल्टर साफ केला, मीठ भरलेलं आहे. मग प्लग काढून हीटरच्या वायरी सोडवून मल्टिमीटर लावला तर २६ ओहम येतायत, २००० वॉटच्या हीटरला २३० व्होल्टवर साधारण तेवढेच यायला हवेत, बॉडीशी कंटिन्युइटी नाही (म्हणजे हीटरमधून बॉडीत करंट लीक होत नाहीये), आणि टेंपरेचर सेन्सर गरम पाण्यात धरला की रेझिस्टन्स उतरतो म्हणजे तोही ठीक वाटतोय. टेक्निशियनने मशीन न उघडताच कंट्रोल बोर्ड बदला सांगितलं, ११ हजार, हे मला अजिबात पटलेलं नाही.

माझा संशय बोर्डवरच्या हीटरच्या रिलेवर (हीटर चालू-बंद करणाऱ्या स्विचवर) आहे. सोल्डरिंग येतं मला, पण चालू मशीनमध्ये हात घालायचा नाहीये. आणि प्लीज गीझरचं पाणी जोडा असं सुचवू नका, मला मूळ बिघाडच काढायचाय.

तर प्लग काढलेला असताना रिले गेलाय की प्रेशर स्विचच (पाणी पुरेसं भरलंय का ते ओळखणारा स्विच) हीटरला सप्लाय जाऊ देत नाहीये हे नक्की कसं ओळखायचं, कुठल्या दोन पिनांवर काय रीडिंग यायला हवं?