मदत हवी आहे: रस्ता मोकळा असताना गाडी स्वतःच कचकन ब्रेक मारते

नमस्कार मंडळी,

राहतो गुहागरजवळ, कामासाठी चिपळूणला जा-ये आणि बायकोचं माहेर दापोलीकडे, त्यामुळे दाभोळ-धोपावे फेरीबोटही नेहमीची. गेल्या वर्षी एडासवाली, म्हणजे ड्रायव्हरच्या मदतीला समोर धोका दिसला की स्वतः ब्रेक मारणारी गाडी घेतली. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. नाव घेतलं की मूळ प्रश्न बाजूला राहतो आणि कोणाची गाडी भारी यावर दोन पानं भरतात. काचेमागे आरशाजवळ कॅमेरा आणि पुढे ग्रिलच्या खाली रडार, एवढं पुरे.

त्रास असा की ऑटो ब्रेक नको तिथे लागतो. आधी पीं-पीं, डॅशबोर्डवर लाल चित्र, आणि आपण काही समजायच्या आत गाडी नाक खाली करून थांबायला लागते. मागे बसलेल्या आईचं डोकं पुढच्या सीटवर आपटलं, तेव्हापासून ती बसण्याआधी "ते बंद केलंस का रे?" विचारते.

कुठेही लागतो असं नाही, म्हणून तर डोकं खाजवतोय. एक जागा फेरीबोट. ओहोटी असली की जेटीवरून खाली उतरून बोटीचा लोखंडी रॅम्प चढायचा असतो, तिथे गाडी अडून बसते. बोटीवरचा माणूस हात हलवून "या, या" करतोय, मागून हॉर्न वाजतायत आणि आमची गाडी कुणीतरी आडवं आल्यासारखी थांबलेली. दुसरी जागा वळणं. त्यातही डाव्या वळणावर समोरून एसटी आली की हमखास. उजव्या वळणावर क्वचित. तिसरा प्रकार मात्र कळतच नाही: सरळ रस्ता, पुढे कोणी नाही, कडेला दोन रिक्षा नीट बाहेर उभ्या, आणि ब्रेक! हा प्रकार पावसाळ्याच्या सुमारास सुरू झाला. त्याआधी अंगणात माडाची झावळी पडून पुढची काच गेली होती, ती बदलून घेतली. त्याचा संबंध असेल का?

सर्व्हिस सेंटरने स्कॅनर लावला, बिघाडाचा एकही कोड नाही. "सिस्टीम एकदम ओके आहे सर." टेस्ट ड्राइव्ह घेतली ती हायवेला, कापसाळच्या बाजूला. चौपदरी रुंद रस्त्यावर ती कशाला ब्रेक मारेल? गुहागर रस्त्याला चला म्हटलं तर वेळ नाही.

बायको म्हणते बंदच करून टाक. पण प्रत्येक वेळी गाडी चालू केली की ते आपोआप चालू होतं. शिवाय शृंगारतळीच्या बाजारात गल्लीतून एक दुचाकी थेट पुढ्यात आली होती, तेव्हा माझा पाय पोचायच्या आत गाडीनेच ब्रेक लावला होता. ते विसरता येत नाही. उलट मागे चिऱ्याने भरलेला ट्रक असताना असा खोटा ब्रेक लागला तर तो ट्रक काय थांबणार आहे?

कोणाला असा अनुभव आहे का? यातलं काय दुरुस्त होण्यासारखं आहे आणि काय गाडीचा स्वभाव म्हणून सोसायचं?

प्रतिसाद, कुडाळहून:
माझी जुनी गाडी बरी. तिका ब्रेक मीच लावतंय.

प्रतिसाद, पुण्याहून:
गाव राजापूर, पुण्यात काचा बसवण्याच्या आणि एडास कॅलिब्रेशनच्या, म्हणजे कॅमेरा-रडारची नजर नेमकी जुळवण्याच्या कामात आहे. तुम्ही जागा वेगवेगळ्या करून लिहिल्या ते बरं केलंत, कारण हे तीन निरनिराळे प्रकार आहेत आणि त्यातला एकच बिघाड वाटतो.

फेरीबोट: लोखंडी पत्रा रडारच्या लहरी जोरात परत फेकतो. अमेरिकेच्या वाहन सुरक्षा खात्याने, म्हणजे एनएचटीएसएने, एप्रिल २०२४ मध्ये ऑटो ब्रेकचा जो नियम केला, त्यात खोट्या ब्रेकसाठी दोन चाचण्या ठेवल्या आहेत. एकीत रस्त्यावर टाकलेल्या पोलादी प्लेटवरून जायचं, दुसरीत उभ्या असलेल्या दोन गाड्यांच्या मधून. पत्र्याला फसणं हे इतकं जुनं दुखणं आहे. त्यांची प्लेट तरी सपाट पडलेली असते. तुमच्याकडे ओहोटीला गाडीचं नाक खाली आणि रॅम्प वर, म्हणजे पत्रा थेट रडारच्या तोंडासमोर. जेटीवर बंद करा, पलीकडे उतरलात की चालू करा. यावरून सर्व्हिस सेंटरशी भांडून काही मिळणार नाही.

डावं वळण: आपण डावीकडून चालवतो, त्यामुळे डाव्या वळणावर गाडीचं नाक क्षणभर समोरच्याच्या बाजूला रोखलेलं असतं. तुम्ही ४०ने, एसटी ४०ने, म्हणजे जवळ येण्याचा वेग ताशी ८० किलोमीटर, सेकंदाला सुमारे २२ मीटर. चाळीस मीटरवर एसटी दिसली तर गाडीच्या हिशेबाने टक्कर दोन सेकंदांच्या आत. आपल्याला माहीत असतं की ड्रायव्हर वळणार आहे, गाडीला स्टिअरिंग वळेपर्यंत खात्री नसते. वळणात शिरायच्या आधीच वेग उतरवला तर हे कमी होतं. चुकीचा ब्रेक लागलाच तर बहुतेक गाड्यांत ॲक्सिलरेटर ठामपणे दाबला की सिस्टीम मागे हटते; मॅन्युअलमध्ये एकदा वाचून घ्या.

कडेच्या रिक्षा: इथे माझा संशय काचेवर आहे. कॅमेरा काचेतून बघतो आणि काच बदलली की तो पुन्हा जुळवावा लागतो. एक अंश जरी वाकडा बसला तरी ५० मीटरवर जवळजवळ ९० सेंटिमीटरचा फरक पडतो. मग कडेची रिक्षा त्याला तुमच्याच वाटेत दिसते. आणि कोड नाही म्हणजे कॅलिब्रेशन बरोबर आहे असं अजिबात नाही. सेन्सर मेला किंवा झाकला गेला तर कोड येतो. थोडा तिरका बघत असेल तर तो आपला खुशाल बघत राहतो. काचेच्या बिलावर कॅलिब्रेशनची वेगळी ओळ आहे का, ते आधी बघा.

बंपर रंगवला असेल, पुढे गार्ड लावला असेल तर तेही सांगा. दसऱ्याला झेंडूचा हार ग्रिलवर बांधून लोक आमच्याकडे रडार बिघडलं म्हणून येतात, हे गमतीने नाही सांगत.

धागाकर्ता:
बिल काढलं. काच, सीलंट, मजुरी. कॅलिब्रेशनचं नाव नाही. बंपर मूळचाच, गार्ड नाही. काच बसवणाऱ्याला फोन केला तर म्हणतो, "कॅमेरा काढला तसाच लावलाय." आणि सर्व्हिस सेंटर म्हणतं कॅलिब्रेशनला गाडीसमोर उभा करायचा बोर्ड इथे नाही, कोल्हापूरला न्यावी लागेल.

प्रतिसाद, पुण्याहून:
तसाच लावला हे पुरत नाही. न्याच. सपाट जमीन, टायरमध्ये नेमकी हवा, समोर ठरलेल्या अंतरावर बोर्ड, हे सगळं लागतं. काही गाड्यांत नंतर रस्त्यावर चालवूनही करतात, पण त्याला लेनचे पट्टे स्पष्ट हवेत, तुमच्या रस्त्यावर ते होणं कठीण. काम झाल्यावर रिपोर्टची छापील प्रत मागा. काच विम्यातून झाली असेल तर हा खर्च त्याच दाव्यात बसतो का, ते कंपनीला लेखी विचारा. आणि डॅशकॅम लावा. तोंडी सांगितलं की "ओके आहे सर", क्लिप दाखवली की खुर्ची देतात.

प्रतिसाद, ठाण्याहून:
गणपतीला गाडी घेऊन येणाऱ्यांनीही हे वाचावं. खोटा ब्रेक फक्त आपल्याकडे नाही. टेस्लाच्या मॉडेल ३ आणि मॉडेल वाय या गाड्यांबद्दल ३५४ तक्रारी आल्यावर अमेरिकेत फेब्रुवारी २०२२ मध्ये चौकशी लावली गेली होती. दुसरं म्हणजे गुरांवर भरवसा ठेवू नका. माझ्या मॅन्युअलमध्ये वाहनं, माणसं आणि सायकली एवढंच लिहिलंय, रात्री रस्त्यात बसलेली म्हैस त्यात नाही.

धागाकर्ता:
सोमवारी नेतोय. कुंभार्लीने जाणार. घाटात बंद ठेवू की चालू?

प्रतिसाद, पुण्याहून:
ब्रेक चालू ठेवा. इशाऱ्याची वेळ बदलता येत असेल तर ती "उशिरा"वर करा, पीं-पीं कमी होईल. काच आतून-बाहेरून पुसा, आरशामागचा भाग विशेष, तिथे वाफ धरते. आणि मागे ट्रक चिकटला असेल तर सरळ त्याला पुढे जाऊ द्या.