शब्दचर्चा : 'हळवा' म्हणजे दुबळा का?

वेलांटी:
नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयात सुट्टीत मुलांसाठी ॲनिमेशनपट दाखवणार आहोत. यादीत 'डम्बो' (१९४१), 'बॅम्बी' (१९४२) आणि 'फाइंडिंग निमो' (२००३) आहेत. पहिल्यात आईला कोंडून ठेवतात, दुसऱ्यात तिला शिकारी मारतात, तिसऱ्यात ती सुरुवातीलाच जाते. पालकांना आधी कल्पना असावी म्हणून पत्रकात मी एक ओळ घातली : 'फार हळव्या मुलांना काही प्रसंग जड जातील, त्यांच्याजवळ बसा.' समितीतल्या एका काकांनी 'हळव्या' खोडून 'संवेदनशील' केलं. म्हणाले, हळवा म्हणजे दुबळा, लोकांच्या पोरांना आपण दुबळं कशाला म्हणायचं?

मला हे पटत नाहीये. 'हळवं आहे गं पोर' असं आमची आजी म्हणायची तेव्हा तिचा हात त्या पोराच्या पाठीवर असायचा. पत्रक शुक्रवारी छापायला जायचंय. कोणता शब्द ठेवू? शिवाय सिनेमात रडतं ते प्रत्येक मूल माझ्या डोळ्यांपुढे नाही. ज्याला असला सिनेमा सोसतच नाही, जे रात्री दचकून उठतं आणि 'तिला सोडवलं का?' म्हणून विचारतं, त्याच्यासाठी आपल्याकडे शब्द आहे का?

जुना_उपसंपादक:
'संवेदनशील' नकोच. त्या शब्दाला बंदोबस्ताचा वास लागलाय. संवेदनशील भाग, संवेदनशील मतदान केंद्र. आमच्या डेस्कवर जिथे दगडफेकीची भीती असेल तिथे हा शब्द पडायचा. मुलांना लावू नका. 'नाजूक मनाची मुलं' लिहा, सगळ्यांना कळेल.

अनुस्वार:
नाजूक फारसीतून आलेला आहे. चालेल, पण तो तब्येतीला आणि वस्तूंना जास्त शोभतो. 'भावुक' हा नेमका शब्द आहे आणि कृपया तो ह्रस्व लिहा. नाजूक, माणूस, ठाऊक हे तत्सम नाहीत म्हणून त्यांचा उपान्त्य उकार दीर्घ. 'भावुक' तत्सम आहे, मुळात ह्रस्व, म्हणून मराठीतही ह्रस्वच. सगळीकडे 'भावूक' छापतात म्हणून ते बरोबर ठरत नाही.

सुलू_मावशी:
ह्रस्व लिहा की दीर्घ लिहा, तो शब्द आता निरोप समारंभाचा झालाय. अमुक साहेब भावुक झाले, म्हणजे भाषण करताना कंठ दाटला, पाणी प्यायले, पुढे बोलले. माणूस भावुक होतो आणि हळवा असतो. एक त्या घटकेपुरतं, दुसरा स्वभाव.

'द लायन किंग' (१९९४) आला तेव्हा लेकीला घेऊन गेले होते. घळीत बाप मरून पडतो आणि छावा त्याच्या पंज्याखाली शिरून निजतो, तिथे आजूबाजूची सगळी मुलं रडत होती. माझी रडली नाही. माझ्या पदराचं टोक मुठीत गच्च धरून ती पडद्याकडे पाठ करून बसली आणि माझ्याच तोंडाकडे बघत राहिली. 'तो उठेल ना?' एवढंच पुन्हापुन्हा. मी काय सांगते त्यावर तो उठणार की नाही हे ठरणार होतं जणू. या मुलीला नाजूक म्हणू की भावुक? हळवीच म्हणणार.

आणि हळवा हा हलव्यावरून आलेला शब्द आहे ना? जिभेवर विरघळतो तसं मन विरघळतं. माझी आई असंच सांगायची.

अनुस्वार:
मावशी, नाही. हलवा अरबीतून आला, तिकडे त्याचा अर्थच गोड. त्यात ल आहे, ळ नाही. हळवा 'लघु'च्या घरातला. लघुक, त्याचं प्राकृतात वर्णविपर्यय (अक्षरांची अदलाबदल) होऊन हलुअ. हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात लहुअ आणि हलुअ ही दोन्ही रूपं दिलेली आहेत. त्यातून आपलं हळू, हलकं, हळवं. म्हणजे हळवा तो वजनाने कमी. काकांनी दुबळा म्हटलं ते मुळाला धरून आहे, मला आवडो न आवडो.

रत्नांग्रीकर:
अनुस्वार, मूळ बरोबर काढलंत, अर्थ चुकीचा लावलात. आमच्याकडे भात तीन जातीचं : हळवं, निमगरवं आणि गरवं. हळवं म्हणजे लवकर निसवणारं (कणसं बाहेर काढणारं), लवकर कापणीला येणारं. कर्जत १८४ घ्या, शंभर-एकशे पाच दिवसांत तयार. गरवं बसतं साडेचार-पाच महिने. हळव्याला कुणी दुबळं म्हणत नाही. उलट ज्या उथळ जमिनीत पाणी टिकत नाही तिथे हळवंच लावावं लागतं, गरवं तिथे वाळून जाईल. पाऊस लवकर उघडला तर घरात जो दाणा येतो तो हळव्याचाच.

मूल हळवं म्हणजे त्याच्यात ते लवकर उगवतं. बाकीच्यांना जे मोठेपणी कळेल ते त्याला आत्ताच कळतं. 'डम्बो'तल्या हत्तीणीला साखळदंड घातले हे सगळ्यांनी बघितलं, पण आता तिचं पिल्लू रात्री कुणापाशी झोपेल हे त्या एकट्याच्या मनात आलं. याला कमीपणा कसा म्हणायचा?

जुना_उपसंपादक:
+१. गरवा हाही मग 'गुरु'कडून आला असणार?

अनुस्वार:
हो, गुरु, प्राकृतात गरुअ. जोडी अगदी पक्की आहे, लघु-गुरु तशी हळवा-गरवा. भाताचा अर्थ मला ठाऊक होता, पण शेतातला अर्थ माणसाला जसाच्या तसा लागत नाही. 'हळव्या मनाचा' म्हटलं की ऐकणाऱ्याला दाणा दिसत नाही, रडका चेहरा दिसतो. शहरातल्या पालकांना पत्रकातून निसवणं शिकवणार आहात का?

सुलू_मावशी:
रडका चेहरा तुम्हाला दिसतो. साने गुरुजींना सगळा महाराष्ट्र हळवा म्हणत आला. त्याच माणसाने १९४७ साली पंढरपूरला विठ्ठलमंदिर दलितांसाठी खुलं व्हावं म्हणून प्राणांतिक उपोषण मांडलं आणि मंदिर उघडायला लावलं. हळवा म्हणजे दुबळा असता तर हा शब्द त्यांच्या नावाला चिकटलाच नसता.

नांदीपाठ:
शब्दाबद्दल माझं मत नंतर सांगते, आधी एक जागा दाखवते. संस्कृत नाटककार भवभूती, आठवं शतक, विदर्भातल्या पद्मपूरचा. 'उत्तररामचरित'चा पहिला अंक चित्रदर्शनाचा आहे. वनवास संपलाय, सगळे अयोध्येत सुखरूप आहेत, सीतेला दिवस गेलेत. तिचा जीव रमावा म्हणून लक्ष्मण त्यांच्याच आयुष्याची चित्रं दाखवतोय. शूर्पणखेचं चित्र येतं आणि सीता थरथरते. राम म्हणतो, अगं, हे चित्र आहे. आपण मुलांना सिनेमात हेच सांगतो, शब्दही जवळजवळ हेच. सीतेचं उत्तर मला फार मोलाचं वाटतं : असू दे चित्र, दुष्ट माणूस दिसला की त्रास होतोच.

पुढे सीताहरणानंतरची चित्रं येतात आणि 'हे चित्र आहे' म्हणून समजावणाऱ्या रामाचेच अश्रू तुटलेल्या मोत्याच्या सरासारखे ओघळू लागतात. भवभूती दोघांपैकी कुणालाही दुबळं म्हणत नाही. काव्यशास्त्रात अशा प्रेक्षकाला शब्द आहे, सहृदय. पत्रकात 'सहृदय मुलं' विचित्र वाटेल हे मान्य, पण 'हे चित्र आहे' हे सांगून काही होत नाही, एवढं तरी पालकांना कळवा.

टोरांटोकर:
आमच्याकडचा अनुभव. मुलगा इथेच जन्मलेला, मराठी घरापुरतं. 'डम्बो'मध्ये कोंडलेली आई गजांमधून सोंड बाहेर काढते आणि त्या सोंडेच्या झोपाळ्यात पिल्लाला झुलवते, अंगाई चालू असते. बाकीचे प्राणी आपापल्या पिल्लांना कुशीत घेऊन निजलेले. मुलगा म्हणाला, 'आई, पोटात कसंतरी होतंय.' बायको त्याला बाथरूमकडे न्यायला उठली. तो म्हणाला, तसं नाही, त्या सोंडेमुळे होतंय.

तेव्हापासून माझ्या लक्षात आलंय की मराठीत हे सगळं पोटातच होतं. पोटात तुटतं, पोटात कालवाकालव होते, आतडं पिळवटतं, आतड्याची माया असते. त्याला हे कुणी शिकवलेलं नव्हतं, त्याला ते खरोखर तिथेच झालं. 'हळवा'पेक्षा ही क्रियापदं वापरली तर? 'ज्यांच्या पोटात तुटतं अशा मुलांसाठी.'

तांबडा_पांढरा:
पोटाचं बोललात ते खरंय. काळीज तरी कुठे छातीत असतं? काळीज म्हणजे लिव्हर. कोल्हापुरात कुठल्याही मटणाच्या दुकानात काळीज मागा, लिव्हरच कागदात बांधून देतील. 'काळीज पिळवटलं' म्हणणारे सगळे यकृताबद्दल बोलतायत.

अनुस्वार:
व्युत्पत्तीने हो, संस्कृतात कालेय म्हणजे यकृत. पण मराठीत काळीज हृदयाच्या अर्थाने कधीच रुळलंय. 'काळीज धडधडतं' म्हणतो आपण, यकृत धडधडत नाही. तिथे रूढीच मानावी लागते.

जुना_उपसंपादक:
काळजाला रूढी मानायची आणि 'भावूक'ला मानायची नाही, हे कसं? सगळा महाराष्ट्र दीर्घ लिहितोय.

अनुस्वार:
अर्थाची रूढी वेगळी, लेखनाचे नियम वेगळे. नियम सगळ्यांनी मिळून मान्य केलेले असतात, म्हणूनच शाळेत शिकवता येतात. रोज पाळला जात नाही म्हणून नियम सोडला तर मुलांनी शिकायचं काय?

वेलांटी:
सगळ्यांचे आभार, खूप शिकायला मिळतंय. पण पत्रक? काकांशी पुन्हा बोलले. त्यांचं म्हणणं, वयाचं प्रमाणपत्र असतंच, वेगळी ओळ कशाला? २०२४ पासून यूएमध्येही (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाने बघायच्या सिनेमांच्या प्रमाणपत्रात) ७+, १३+, १६+ असे टप्पे आलेत. मी म्हटलं, तो आकडा वय सांगतो, मूल कसं आहे ते सांगत नाही. माझी एक भाची दहा वर्षांची आहे आणि तिला 'बॅम्बी'तला तो बर्फ अजून बघवत नाही. आई मरताना दिसतही नाही, फक्त बंदुकीचा आवाज येतो आणि पिल्लू एकटंच पळत राहतं. तिला तेच सोसत नाही.

रीळवाला:
काकांना 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज'चं उदाहरण द्या. दिग्दर्शक ताकाहाता इसाओ, १९८८. दुसऱ्या महायुद्धात कोबे शहर बॉम्बखाली जळतंय, चौदा वर्षांचा भाऊ, चार वर्षांची बहीण, खाऊच्या गोळ्यांचा पत्र्याचा डबा. जपानात तो 'माय नेबर टोटोरो'बरोबर एकाच खेळात जोडून लागला होता. टोटोरोसाठी मुलांना घेऊन आलेल्या आयांचं काय झालं असेल. आपल्याकडेही 'कार्टून आहे' म्हणून लोक मुलांपुढे काहीही लावून निघून जातात. दोष मुलाच्या हळवेपणाचा नाही, 'कार्टून' या शब्दाचा आहे. पत्रकातून तो आधी काढा.

वेलांटी:
पत्रकात 'कार्टून' नाहीच, 'ॲनिमेशनपट' आहे.

अनुस्वार:
'ॲनिमेशनपट' हा संकर आहे. 'सचेतनपट' लिहा. निर्जीव चित्रात चेतना घालणं, अर्थ तंतोतंत बसतो.

सुलू_मावशी:
सचेतनपट वाचून एकही मूल येणार नाही. आमच्या लहानपणी 'चित्रांचा सिनेमा' म्हणायचे, त्यात काय वाईट होतं?

तांबडा_पांढरा:
चित्रांचा सिनेमा झकास. आणि अनुस्वार, काळजाचं अजून संपलेलं नाही. खाटकाकडे हृदयाला 'दिल' म्हणतात, काळीज वेगळं, गुर्दा वेगळा. म्हणूनच आमच्याकडे 'कच्च्या दिलाचा' म्हणतात. 'कच्च्या काळजाचा' मी कधी ऐकलं नाही. कुणी ऐकलंय का?

रत्नांग्रीकर:
'कच्च्या काळजाचा' नाही, पण 'उलट्या काळजाचा' आहे. तो निर्दयाला म्हणतात. सरळ काळजाचा मात्र कुणाला म्हणत नाहीत.

अनुस्वार:
'उलट्या काळजाचा'मध्ये उलटा कसा आला, यावर वेगळा धागा हवा. माझ्याकडे एक अंदाज आहे, रात्री लिहितो.