बटरफिंगर्सला मराठीत काय म्हणाल?

वेंधळीवैनी: मुलांच्या क्रिकेटकथेचा अनुवाद करतेय. झेल सुटतो आणि मित्र ओरडतो, "बटरफिंगर्स!" मी 'धांदरट' लिहिलं. संपादकांनी खोडलं : "त्याने घाई कुठे केली?" पटलं. मग काय लिहू?

गल्लीबोळ: लोणीहात्या!

जुनाट: नको हो. लोण्याने माखलेले हात म्हटले की आपल्याला बाळकृष्ण दिसतो, आणि कुणाला लोणी लावलं की ती खुशामत. मुळात हा शब्द मैदानावरचा नाही, स्वयंपाकघरातला. जर्व्हेस मार्कम या इंग्रज लेखकाने १६१५ साली इंग्लिश गृहिणीला बजावलं की हात लोण्याचे नकोत, सगळं पाडशील. गोडाची चटक नको, साठवायचं ते फस्त करशील. 'पिकविक पेपर्स' या कादंबरीत (१८३६-३७) डिकन्सचं जिंगल नावाचं पात्र झेल सोडणाऱ्यांना हीच शिवी हासडतं.

गल्लीबोळ: आम्ही "हाताला तेल चोपडून आलायस का?" म्हणायचो. आई मात्र बशी फुटली की थेट "लकवा भरलाय का हाताला?"

सुपारी: लकवा मुलांच्या पुस्तकात नको. घरात तसं माणूस असलं की ते वाक्य ऐकवत नाही. तेल चालेल. गंमत बघा, वेंधळा, धांदरट, भोंगळ, सगळे शब्द डोक्याला दोष देतात. नुसत्या हातांसाठी आपल्याकडे एकही नाही.

जुनाट: अजागळ आहे की! अजागलस्तन, म्हणजे शेळीच्या गळ्याशी लोंबणारे निरुपयोगी स्तन, त्यावरून.

सुपारी: अजागळ म्हणजे गबाळा. शर्टाची बटणं खालीवर लावणारा. तो झेल उत्तम घेत असेल.

गल्लीबोळ: बटरफिंगर्सच ठेवा, पोरांना कळतं.

जुनाट: मग झेलाला कॅचच लिहा ना!

गल्लीबोळ: लिहावंच. चेंडू वर उडाल्यावर "झेल! झेल!" ओरडणारा एक तरी पोरगा दाखवा.

जुनाट: आकाशवाणीवर मराठी समालोचन ऐकून आम्ही 'झेल' शिकलो. तुमच्या कानावर पडला नाही, हा शब्दाचा दोष नव्हे.

वेंधळीवैनी: अहो, मला उद्या मजकूर द्यायचाय. 'तेल चोपडून' लांब होतंय, चित्रातल्या फुग्यात मावत नाही.

सुपारी: जुनाटकाका, त्या स्तनांचा उपयोग नाही हे कबूल, पण त्यावरून माणूस गबाळा कसा ठरला?

जुनाट: निरुपयोगी, म्हणून बावळट, म्हणून गबाळा. अर्थ असेच घसरतात.

गल्लीबोळ: आमच्या गावी शेळीच्या त्या लोंबत्या गाठींना वेगळंच नाव आहे. आजीला विचारून सांगतो.