शब्दचर्चा: पॅच, टोन, जवारी... सिंथच्या भानगडींना मराठीत काय म्हणता?

महालवाला

मंडळी, एक काम अंगावर घेतलंय. आमच्याकडे जुन्या सिंथची (विजेवर आवाज घडवणारं वाद्य) आणि मॉड्युलरची (सुटे भाग वायरींनी जोडायचा सिंथ) आवड असलेली चार टाळकी जमतात, त्यात आता नवी पोरं यायला लागली, तर त्यांच्यासाठी मराठीत एक पानभर लिहून द्यायचं ठरलं, कुठली वायर कुठे खुपसायची आणि का, एवढंच. सिंथेसायझरला संश्लेषक लिहून पाहिलं पण ते वाचून शाळेतलं प्रकाशसंश्लेषण आणि हिरवी पानंच आठवतात त्यामुळे सिंथ तो सिंथच राहणार, मूळ आवाज देणारा ऑसिलेटर आणि त्यातले वरचे स्वर कापणारा फिल्टर पण जसेच्या तसे. अडलंय ते पॅच (जुळवून ठेवलेला एक आवाज), एन्व्हलप (आवाजाचा चढ-उतार) आणि ड्रिफ्टपाशी (सूर हलणं). आणि तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा तो झणकार, घेऊन एक वाक्य लिहिलंय, "फिल्टर उघडला की जवारी खुलते". मला स्वतःला आवडलंय, पण गाण्यातल्या लोकांनी सांगा चालेल का.

ऑर्केस्ट्रावाले काका

अरे बाप्पा, कायले एवढा विचार करून राहिला. आम्ही आयुष्यभर लग्नात अन गणपतीत वाजवलं, कंपनी कोणतीही असो लोकांसाठी तो कॅसिओच होता, यामाहा ठेवला तरी "कॅसिओवाला आला का" असंच विचारत. आणि पॅचले आम्ही टोन म्हणतो. बासरीचा टोन, शहनाईचा टोन, "टोन बदल बे लवकर, अंतरा आला". मला वाटते कॅसिओवर टोन असं बटन राहते तिथूनच तो शब्द पसरला असन, कारण यामाहावर व्हॉइस लिहिलेलं असते तरी कोणी व्हॉइस म्हणत नाही. तर टोन लिही अन मोकळा हो.

ईपी टू ईपी

काका, तुमचा टोन शंभर टक्के बरोबर पण तो मेमरीवाल्या सिंथसाठी. पॅच हा शब्द आला वायरींवरून. १९६४ पासून अमेरिकेतल्या रॉबर्ट मोग साहेबांनी जे मॉड्युलर बनवले त्यात मेमरी नावाची चीजच नव्हती, ऑसिलेटरचा आवाज फिल्टरात न्यायचा तर वायर लावा, दुसऱ्या दिवशी तोच आवाज पाहिजे तर कागदावर चित्र काढून ठेवा, आणि तरी तो अगदी तसाच येईल याची खात्री नाही. मग १९७८ मध्ये प्रॉफेट-५ नावाचा सिंथ आला, त्यात मायक्रोप्रोसेसर होता, ४० आवाज साठवता यायचे. तिथून पुढे पॅच म्हणजे बटन दाबलं की येणारा तयार आवाज असा अर्थ चिकटला. त्यामुळे माझं मत, साठवलेला असेल तर टोन, वायरींनी उभा केलेला असेल तर पॅच किंवा सरळ जोडणी.

आणि पानावर वायरींबद्दल नीट लिही भाऊ. युरोरॅक, म्हणजे डोप्फर या जर्मन कंपनीने नव्वदीत सुरू केलेला मॉड्युलरचा छोटा साइज, त्याला ३.५ मिमीची पिन लागते. नागपुरात बर्डीच्या बाजारात जाऊन पॅच केबल मागितली तर कोणी ओळखत नाही, "ईपी टू ईपी" (दोन्ही टोकांना हीच पिन) मागावी लागते, आणि त्यातही मोनो म्हणून दोनदा बजावून सांगायचं, नाहीतर मोबाईलची स्टिरिओ ऑक्स केबल हातात पडते. जुने मोठे मॉड्युलर असतील तर जाडी पिन, पी-३८. पिनेवर काळी रेघ एकच आहे ना ते बघून घ्यायचं, दोन असल्या की ती स्टिरिओ. पोरांना एन्व्हलपच्या मराठी शब्दापेक्षा याचा जास्त उपयोग होईल.

ता.क. मोग लिहा, मूग नाही. साहेब स्वतः वोगच्या चालीवर मोग म्हणायचे. तरी निम्मे लोक मूगच म्हणतात आणि बाकीचे मूग गिळून बसतात.

खरजातली ताई

महालवाला दादा, जवारीचं वाक्य काढून टाका प्लीज. ऐकायला गोड आहे पण गल्लत आहे. तंबोऱ्यात घोडीचा उतार असा घासलेला असतो की तार कंप पावताना तिला हळूच चाटून जाते, त्यात दोरा मागेपुढे सरकवून नेमकी जागा शोधायची, आणि ती सापडली की तारेतून वरचे स्वर उमलायला लागतात. म्हणजे जवारीने आवाजात काहीतरी *येतं*. फिल्टर काय करतो? करवतीच्या दात्यांसारखी जी लहर ऑसिलेटर देतो तिच्यात वरचे स्वर आधीच ठासून भरलेले असतात, फिल्टर त्यातले कापतो. उघडला म्हणजे कापणं कमी केलं, नवीन काही आलं नाही. जवारी हा शब्द आमच्याकडे एवढ्या कामाचा आहे, तो असा फुकट घालवू नका.

महालवाला

ताई, पटलं. पण मग सिंथमध्ये जवारीसारखं काही नाहीच का?

ईपी टू ईपी

आहे ना! वेव्हफोल्डर. मोग न्यूयॉर्कच्या बाजूला फिल्टर करत होते त्याच सुमारास कॅलिफोर्नियात डॉन बुकला दुसऱ्याच वाटेने चालले होते. त्यांच्या सत्तरीतल्या ऑसिलेटरमध्ये साधी साइन लहर घेऊन तिची टोकं आत दुमडायची सोय आहे, जितकं दुमडाल तितके नवे वरचे स्वर तयार होतात. ताई म्हणतात तसं, *येतात*. नॉब हळू फिरवला तर कुठेतरी मध्येच आवाज एकदम झणझणीत होतो आणि थोडं पुढे गेलं की पुन्हा पोकळ वाटतो, दोरा सरकवताना होतं तसंच. जवारी हा शब्द तिथे वापरा, फिट बसतो.

खरजातली ताई

हे आवडलं. हे नक्की लिहा.

एन्व्हलपबद्दल. लिफाफा, पाकीट काहीही लिहू नका, पोस्टाचा काही संबंध नाही, आवाज वेळेनुसार कसा चढतो उतरतो त्याची बाहेरची रेघ असा अर्थ आहे. चढ-उतार म्हटलं तरी भागतं. खरी गडबड सस्टेनची होते. अटॅक, डिके, रिलीज हे तिन्ही वेळ आहेत, किती वेळात चढेल, किती वेळात ओसरेल. सस्टेन वेळ नाहीये, ती पातळी आहे. म्हणून कोणी "टिकाव" सुचवला तर घेऊ नका, पोरं तो नॉब वाढवून आवाज जास्त वेळ टिकेल म्हणून वाट बघत बसतील. पेटी घ्या, पट्टी दाबली, आवाज लगेच आला, भाता चालतोय तोवर तेवढाच राहिला, बोट उचललं, गेला. तिथे सस्टेन पूर्ण. तंबोऱ्याची तार छेडा, चढला आणि ओसरतच गेला, सस्टेन शून्य, सगळा खेळ डिकेचा. त्या लांब ओसरण्याला आपल्याकडे आस म्हणतातच की. डिके वाढवला की आस वाढते, असं लिहून बघा.

ऑर्केस्ट्रावाले काका

आस मस्त शब्द आहे. अन ग्लाइडले, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याले, मींड लिहा, त्यात काही वाद नाही. मुंबईच्या चरणजीत सिंगांनी १९८२ मध्ये सिंथवर राग वाजवले, त्यात बेससाठी टीबी-३०३ नावाची चंदेरी डब्बी होती, तिच्यात सूर घसरवायचा स्लाइड राहते. आणि आपल्या देशात मोग त्याच्याही आधी आला होता, १९६९ मध्ये अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइनच्या संस्थेत, डेव्हिड ट्यूडर नावाच्या अमेरिकन माणसाने लावून दिला होता. पोरांले हे सांगत जा, त्यांना वाटते हे सगळं काल यूट्यूबवर जन्मलं.

महालवाला

हे टाकतो काका. आता राहिला ड्रिफ्ट. "सूर ढळतो" लिहिलंय. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या वर गेला की जुन्या अॅनालॉगचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको, कूलर चालू केला की एक सूर, बंद केला की दुसरा.

ईपी टू ईपी

ढळतो छान आहे, पण त्यात दोन वेगळे रोग आहेत, एका शब्दात बांधू नका. व्होल्टेजवर चालणाऱ्या ऑसिलेटरला एका सप्तकाला एक व्होल्ट असा हिशोब असतो, म्हणजे एका अर्ध्या स्वराला साधारण ८३ मिलिव्होल्ट. पाच मिलिव्होल्ट इकडेतिकडे झाले की सहा सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) फरक, मागे तंबोरा असेल तर दोन्ही आवाज एकमेकांवर डोलायला लागतात. हा पहिला रोग, सगळीच पट्टी सरकते, ट्यूनिंगचा नॉब फिरवला की जुळतं. याला पट्टी सरकणं म्हणा, तबलजी चढला-उतरला म्हणतात तसं.

दुसरा वाईट. व्होल्टेजचं सुरात रूपांतर करणारी जी ट्रान्झिस्टरची जोडी असते ती स्वतः तापते, आणि तिचं गणितच तापमानावर अवलंबून, अंशाला सुमारे ०.३ टक्के. ते सांभाळायला तिला चिकटवून एक खास रेझिस्टर बसवतात, पण जुन्या मशीनमध्ये तो नसतो किंवा नीट टेकलेला नसतो. मग मंद्र सा जुळवला तरी तार सप्तकात बेसूर, आणि तार जुळवला की खाली बोंब. इथे पट्टी सरकलेली नाही, सप्तकच ताणलं गेलंय. त्याला नॉब नाही, आत पेचकस घालून ट्रिमर, म्हणजे जुळवायचा बारीक स्क्रू, फिरवावा लागतो, आणि तोसुद्धा मशीन अर्धा तास चालू ठेवून, कूलर ज्या स्पीडवर वाजवताना असतो त्याच स्पीडवर ठेवून.

ऑर्केस्ट्रावाले काका

म्हणूनच आम्ही रोलंडचा ज्युनो-६० सिंथ घेतला होता. त्यात पिचचं घड्याळ डिजिटल, अंगणात मांडवाखाली वाजवला तरी सूर हलायचा नाही. लोक म्हणायचे अॅनालॉगची मजा नाही यात. नाही त नाही, नवरदेवाच्या वरातीत कोणाले ड्रिफ्ट पाहिजे?

महालवाला

"पट्टी सरकली" आणि "सप्तक ताणलं", दोन्ही घेतले. फिल्टरचं वाक्य बदलून असं केलंय (कट-ऑफ म्हणजे जिथून वरचे स्वर कापले जातात ती जागा): "कट-ऑफचा नॉब खाली आणला की आवाज बंद होत जातो, आणि रेझोनन्स वाढवला की कापण्याच्या जागी घुमारा येतो." ठीक?

खरजातली ताई

बंद होत जातो नको, पोरांना वाटेल आवाजच गेला. दबत जातो लिहा. आणि घुमारा बायाला, ढोलाला शोभतो, खाली घुमणाऱ्याला. रेझोनन्समध्ये कापण्याच्या जागेचाच एक स्वर टोकदार होऊन वर येतो, फार वाढवला तर फिल्टर स्वतःच शिट्टी मारतो. "धार येते, शेवटी शिट्टी वाजते" असं करा. बाकी पाठवा, मी एकदा शुद्धलेखन बघते.