कापूस भरतो त्या खोलीत होम थिएटर: सबवूफर कोणता जुळेल? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो, शेती करतो. घरामागे कापूस ठेवायची मोठी खोली आहे, तिथेच आम्ही पडदा लावून सिनेमे बघतो. आता तिथल्या स्पीकरांना सबवूफर (सब), म्हणजे फक्त खालचे जाड सूर वाजवणारा स्पीकर, जोडायचा आहे. दुकानात ऐकून घ्यावं तर नागपूर लांब, आणि घरी आणल्यावर पटला नाही तर एवढं जड खोकं परत न्यायचं कसं? म्हणून घ्यायच्या आधीच विचारतो.

सामान असं आहे. ५.१ रिसीव्हर, म्हणजे पाच स्पीकरांना ताकद देणारा अॅम्प आणि सबसाठी एक वेगळी जोडणी, माइक लावून आपोआप सेटिंग करणारा. समोरचे दोन बुकशेल्फ, म्हणजे फळीवर मावणारे स्पीकर, ६.५ इंची वूफरचे. कागदावर ५५ हर्ट्झपासून (आकडा लहान तितका सूर खालचा), ८ ओहम (आकडा लहान तितका अॅम्पवर भार जास्त), ८८ डीबी (आवाजाचं माप). सेंटर, म्हणजे संवादांचा मधला स्पीकर, ७५ हर्ट्झपासून. मागचे दोन लहान आहेत, ४ इंची, ९० हर्ट्झच्या खाली काहीच देत नाहीत.

खोली २४ बाय १४ फूट, उंची सरासरी ११. भिंती विटांच्या, वर टिन. सबसाठी बजेट ३० ते ३५ हजार.

मला जास्त बास हवा म्हणून ही खटपट नाही. बाबांना हल्ली कमी ऐकू येतं. सिनेमात पाऊस, गाडी, ढोल असं काही सुरू झालं की त्या लहान स्पीकरांचा जीव जातो आणि त्यातच संवाद बुडतात. बाबा मग उठून बाहेर ओसरीत जाऊन बसतात. खालचा आवाज सबकडे गेला तर सेंटर मोकळा होऊन बोलणं स्वच्छ येईल, असं वाचलंय. शिवाय खंजेरी भजनं लावतो तेव्हा डग्ग्याची थाप नुसती टप् टप् येते, तिला पोटच नाही.

अडचणी तीन.

पहिली: एका जुन्या रेडिमेड सेटचा सब घरात पडून आहे. त्याला लाइटची वायरच नाही, मागे नुसते दोन टोकं. मेकॅनिक म्हणतो, समोरच्या स्पीकरच्या जोडीला लावून देतो. लावू का? मंडप-साउंडवाला मित्र म्हणतो १८ इंची बेस घेऊन जा, फुकट वापर.

दुसरी: टिन. एका सोयऱ्याचा ८ इंची सब रात्रीपुरता आणला होता आणि मोबाइलवरून २० ते १२० हर्ट्झ असा सरकता सूर सोडला. ४० च्या आसपास एक जागा अशी आली की भिंतीजवळ कान फाटतात आणि मधल्या खुर्चीवर जवळजवळ शांतता. ४५ च्या पुढे वरून झर्रर्र आवाज सुरू झाला. शिडी लावून बघितलं तर टिनाच्या हूक-बोल्टांचे वायसर सैल होऊन नाचत होते. बोटाने एक दाबला की तेवढा गप्प, शेजारचा सुरू.

तिसरी सर्वांत मोठी: वेचणी सुरू झाली की भाव येईपर्यंत अर्धी खोली कापसाने भरते, छातीएवढा ढीग. डिसेंबरची खोली आणि मे महिन्याची खोली कानाला सारखी लागतच नाही. मग सब जुळवायचा तो कोणत्या खोलीशी? १० इंची बंद पेटीचा की १२ इंची पोर्टवाला, म्हणजे पेटीला हवेचं भोक असलेला?

प्रतिसाद, अकोल्याहून

भाऊ, आधी तो जुना सब बाजूला ठेवा. रेडिमेड सेटचे सब बहुतेक पॅसिव्ह असतात, त्यांचा अॅम्प त्या सेटच्या डब्यातच असतो. तुमच्या रिसीव्हरच्या सब-आउटमधून फक्त लाइन सिग्नल, म्हणजे अॅम्पने न वाढवलेला कमजोर सिग्नल, निघतो, त्यावर तो हलणारसुद्धा नाही. आणि समोरच्या स्पीकरला समांतर जोडला, तर समजा तो ३ ओहमचा आहे, ८ आणि ३ मिळून २.२ ओहमच्या आत भार येतो. रिसीव्हर तापून बंद पडेल, नाहीतर जळेल. मेकॅनिकला हात लावू देऊ नका.

मंडपातला १८ इंचीही नको. ते डबे मैदानात जोरात वाजण्यासाठी असतात. ४० च्या वर दणका, खाली उतार. सिनेमाला लागतो तो ३० च्या आसपासचा भाग त्यात फारसा नसतो, आणि वेगळा अॅम्प लागतोच.

आता जुळवणी. समोरचे तीन स्पीकर शक्यतो एका घराण्याचे हवेत, नाहीतर माणूस पडद्यावर इकडून तिकडे गेला की त्याचा आवाज बदलतो. सबला ते बंधन नाही, कंपनी कुठलीही चालेल. सबचं वरचं टोक तुमचे स्पीकर ठरवतात आणि खालचं टोक तुमची खोली. रिसीव्हरमध्ये सगळे स्पीकर 'स्मॉल' करा, म्हणजे त्यांचा खालचा आवाज सबकडे जाईल. क्रॉसओव्हर, म्हणजे ज्या आकड्याखाली आवाज सबकडे वळतो तो, समोर ८०, सेंटरला १००, मागच्यांना १२०. म्हणजे सब १२० पर्यंत साफ वाजला पाहिजे. सबच्या मागचं क्रॉसओव्हरचं बटण पूर्ण वर, नाहीतर दोनदा गाळणी लागते. एलएफई चॅनेल, म्हणजे सिनेमातला खास बासचा भाग, १२० वरच ठेवा. ८० च्या वरचा आवाज कुठून येतो ते कानाला कळायला लागतं, म्हणून सब पडद्याच्या बाजूलाच हवा, मागच्या कोपऱ्यात नको.

तुमची खोली साधारण ३,७०० घनफूट. १० इंची बंद सब तिथे धापा टाकेल. पक्क्या, बंदिस्त लहान खोलीत भिंती खालच्या सुरांना आधार देतात, टिनाखालच्या फटींतून तो आधार निघून जातो, त्यावर विसंबू नका. मी १२ इंची पोर्टवाला घेईन. एक लक्षात ठेवा, पोर्टच्या ट्यूनिंगखाली, म्हणजे पोर्ट ज्या सुराला जोर देतो त्याच्या खाली, तो झपकन पडतो, सप्तकाला २४ डीबी. बंद पेटी १२ नेच पडते. पण या बजेटमध्ये ३० ते ४० चा जोर पोर्टवालाच देईल.

धागाकर्ता

लय आभार दादा. पोर्टबद्दल एक भीती सांगतो. कापूस आला की उंदीर आलेच. मागच्या हंगामात त्यांनी पंख्याची वायर कुरतडली. एवढं भोक दिसलं तर ते आत घर करतील. आणि कापसाचे तंतू सगळीकडे उडतात.

प्रतिसाद, वर्ध्याहून

वाजवत नसाल तेव्हा पोर्टमध्ये फोमचं बूच घाला, वर कापडाची खोळ. बारीक जाळी बसवू नका, हवा फरफरते. उंदरांपेक्षा मला आगीची काळजी आहे. सबच्या मागची पत्र्याची प्लेट म्हणजे त्याचा अॅम्प, ती गरम होते. ढिगापासून चांगली दूर ठेवा, मागे मोकळी जागा सोडा, आणि सिनेमा संपला की भिंतीवरचं बटण बंद. स्टँडबायवर सोडून झोपू नका. खरं सांगायचं तर ढीग आणि सामान यांच्यामध्ये फळ्यांची आड भिंत करून घ्या.

४० चा प्रकार खोलीच्या रुंदीचा आहे. ध्वनी सेकंदाला साधारण ११३० फूट जातो, त्याला १४ च्या दुपटीने भागा, ४० येतात. खुर्ची बरोबर मध्ये असली की तो सूर तिथे मरतो. खुर्च्या दोन-अडीच फूट एका बाजूला सरकवून बघा, फुकटचं काम आहे. मग सब तात्पुरता तुमच्या खुर्चीच्या जागी ठेवा, एकच बासचं गाणं लावा आणि पडद्याच्या भिंतीलगत खाली वाकून फिरा. जिथे थाप सारखी आणि साफ लागेल, ती सबची जागा.

कापूस ४० ला फारसा आवरणार नाही. तेवढ्या लांब लहरीला चांगलं शोषायचं तर जवळपास सात फूट जाडीचा ढीग लागतो. तो खातो वरचे सूर, बोलण्यातली धार. म्हणून हिवाळ्यात तुम्हाला सगळं घोगरं लागत असेल. कापूस भरल्यावर एकदा आणि विकल्यावर एकदा माइक लावून सेटिंग करा, आकडे वहीत उतरवून ठेवा. सब तोच, फक्त पातळी आणि सेंटरचा आवाज बदलेल. बाबांसाठी सेंटर दोन-तीन डीबी वर ठेवायला काही हरकत नाही.

टिनाला रबरी वायसर घालून बोल्ट आवळा. हे सब यायच्या आधीच करा.

आणि अर्थिंग बघा. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, खड्डा कोरडा पडतो. ५० हर्ट्झची घूं बरोबर सबच्या पट्ट्यातच येते. खड्ड्यात पाणी घाला. घूं आली तर आधी डिशची केबल काढून बघा. तिसरी पिन तोडून घूं घालवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, झटका बसेल.

धागाकर्ता

आज खुर्च्या डावीकडे सरकवल्या आणि सोयऱ्याचा सब पुन्हा आणून लावला. ४० चा सूर आता बसल्या जागी येतो. पोर्टवाला १२ इंचीच घ्यायचं मनात आहे. आड भिंतीच्या फळ्या घरच्याच सागाच्या आहेत, वायसर उद्या आणतो.

आता दोनच गोष्टी उरल्या. रात्री मोटरपंप चालू झाले की आमच्याकडे व्होल्टेज १८० पर्यंत उतरतं. सबला वेगळा स्टॅबिलायझर लावू की रिसीव्हरचाच चालेल? आणि लाइन गेल्यावर आमच्या इन्व्हर्टरची स्क्वेअर वेव्ह (लाइनसारखी गोलसर नव्हे, चौकोनी लाट) असते, त्यावर सब चालवणारं कोणी आहे का? यवतमाळ, अमरावती, वर्धा पट्ट्यात कोणाकडे १२ इंची पोर्टवाला असेल तर सांगा, बाबांना घेऊन एकदा ऐकायला येईन.